तारामाशाचे पाय: पुस्तकातले आणि मिरकरवाड्याच्या बादलीतले

भुईकोट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं घेऊन रत्नागिरीला जाऊन आलो. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. किनाऱ्यावर दोन दिवस काय काय झालं ते पुन्हा कधीतरी लिहीन. आज एकाच बादलीबद्दल लिहितो.

सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाळी झाडायचं काम चाललं होतं. कामाचे मासे टोपल्यांत आणि नको तो माल धक्क्यावर बाजूला. त्या ढिगात खेकड्याच्या तंगड्या आणि शिंपल्यांसोबत तीन-चार तारामासे पडले होते. एका खलाशाला विचारलं तर त्याने ते उचलून दिलेच, वर बादलीभर समुद्राचं पाणीही काढून दिलं. त्यात एकच जिवंत निघाला. तळहाताएवढा, राखाडी-बदामी, पाचही हातांच्या कडेला बारीक काट्यांची झालर. त्याला पाण्यातच ओंजळीत उलटा धरला आणि मुलांना जवळ बोलावलं.

वीस वर्षं मी फळ्यावर एकच आकृती काढत आलोय: एक नळी, नळीच्या वर फुगा, नळीच्या खाली चकती. हा नलिकापाद. चकतीने खडकाला धरायचं आणि पुढं सरकायचं. पोरांनाही ते पाठ होतं. उलट्या तारामाशाच्या प्रत्येक हाताच्या मधोमध एक खाच असते, तिच्यातून दोन ओळींत पाय बाहेर आले. फिकट पिवळे, जवळजवळ पारदर्शक. प्रत्येक जण आपापल्या दिशेने पाणी चाचपत होता.

एक मुलगी बादलीवर वाकून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "सर, चकत्या कुठायत?"

मी पण वाकलो. चकत्या नव्हत्या. सगळे पाय खाली निमुळते होत गेलेले, गाजराच्या शेंड्यासारखे टोकदार. आधी वाटलं, ओढाताणीत झडल्या असतील. पण एकाही पायाला नसाव्यात?

मग त्याला सरळ करून बादलीच्या तळाशी सोडला. तळाला चार बोटं वाळू होती. तो पुढं सरकला नाही की बाजूला गेला नाही. आहे तिथंच खाली जायला लागला. हातांच्या कडेने वाळू हळूहळू बाहेर ढकलली जात होती आणि मधला भाग बसत चालला होता. थोड्या वेळाने वाळूत ताऱ्याची नुसती पुसट रेघ उरली. तेव्हा सगळे गप्प झाले होते. नंतर धक्क्यावरून त्याला पाण्यात सोडून दिला.

घरी येऊन पुस्तकं काढली आणि उलगडा झाला. आकृतीतला तारामासा ॲस्टेरियास, तो उत्तरेकडच्या थंड समुद्रांतला आणि खडकाळ किनाऱ्यावर वावरणारा. बादलीतला ॲस्ट्रोपेक्टेन गटातला, वाळूत राहणारा. वाळूत चकतीने धरायचं काय? कण हाताला लागतो तेवढ्यात सुटतो. तिथं कुदळ लागते. म्हणून त्याचे पाय टोकदार आहेत, आणि जोर यावा म्हणून वरचा फुगाही एकाऐवजी दोन कप्प्यांचा आहे.

मुलीला तेव्हा मी "बघून सांगतो" म्हणालो होतो. आता पुरतं सांगायचंय, म्हणून इथं मांडतोय. कुणी किनाऱ्यावरचे असाल, कुणाला पंपा-नळ्यांतलं कळत असेल, तर लिहा.

काळीमाती

वाचून लई बरं वाटलं सर. एक सांगा, त्या पायात जोर कुठून येतो? ठिबकला जशी एक मेन लाईन आणि तिच्यातून उपनळ्या, तसंच का? म्हणजे एका ठिकाणी मोटर आणि सगळीकडं दाब?

भुईकोट

नळ्यांची मांडणी अगदी तशीच. पाठीवर मध्यापासून जरा बाजूला खडबडीत टिकलीएवढी एक चाळणी असते, मॅड्रेपोराइट म्हणतात तिला. तिथून एक नळी खाली उतरते, तोंडाभोवती कडं होतं, कड्यातून प्रत्येक हातात एक मोठी नळी आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना प्रत्येक पायासाठी छोटी फांदी. फिल्टर, मेन, सबमेन, लॅटरल. आत वाहतं ते जवळजवळ समुद्राचंच पाणी.

मात्र दाब एका जागी तयार होत नाही. प्रत्येक पायाला स्वतःचा फुगा आहे आणि फांदीच्या तोंडाशी झडप. डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर घ्या. रबरी फुगा दाबला की नळीत पाणी उतरतं. तसा फुगा आवळला की झडप मिटते, पाणी मागं जाऊ शकत नाही, मग ते पायात उतरतं आणि पाय लांब होतो. आत घ्यायचा असला की पायाच्या भिंतीतले उभे स्नायू आखडतात आणि पाणी पुन्हा फुग्यात. एकाच बाजूचे स्नायू आखडले की पाय त्या बाजूला वाकतो. चाळणीचं काम कमी पडलेलं पाणी हळूहळू भरून काढण्याचं.

म्हणजे एका मोटरीवर चालणारं शेत नव्हे. शेकडो पाय आणि तितकेच पंप.

धोटा

मी चादरीच्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, शेवटची काही वर्षं मास्तर म्हणून. प्राणिशास्त्र येत नाही, पण एका गोष्टीवर अडलो.

मऊ नळीत दाबाने पाणी भरलं तर ती लांब कशाला होईल? ती फुगेल. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरा, गळू आल्यासारखी एका जागी फुगते. पायाच्या भिंतीत आडवे आवळणारे स्नायू आहेत का? तुम्ही फक्त उभे म्हणालात.

भुईकोट

काका, हा प्रश्न वीस वर्षांत एकाही मुलाने विचारला नाही. आडवे स्नायू नाहीत. उभेच आहेत. त्यांच्या बाहेरून कोलॅजनच्या धाग्यांचं वेष्टन असतं आणि ते धागे मळसूत्रासारखे दोन्ही बाजूंनी तिरपे, एकमेकांना छेदत जातात. १९९५ साली यावर एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. हे वेष्टन पायाला फुगू देत नाही, लांब होऊ देतं.

धोटा

बस्स. समजलं. हे विणकाम आहे!

बाजारात पाण्याची पारदर्शक नळी मिळते ना, जिच्या आत पांढऱ्या दोऱ्याची तिरपी जाळी दिसते, तेच हे. नळीवर दोरा गुंफायचं आमच्या धंद्यातलं जुनं गणित आहे. नळीच्या लांबीशी दोरा किती तिरपा बसवायचा? साधारण ५४.७ अंशांना बसवला तर दाब आल्यावर नळी लांब होत नाही की जाडही होत नाही. हायड्रॉलिकची होज त्या कोनाच्या आसपासच गुंफतात. त्याहून कमी कोनात, म्हणजे दोरा लांबीच्या दिशेने जास्त उभा बसवला, तर दाब देताच नळी आखूड होते आणि जाडावते. त्याहून जास्त, म्हणजे दोरा आडवा पडत गेला, तर दाब आल्यावर नळी बारीक होते आणि लांब जाते.

पाय लांब होतो म्हणजे तारामाशाचा दोरा ५४.७ च्या वर असला पाहिजे. सर, बघून सांगा बरं.

भुईकोट

बघितलं काका. वरच आहे. आणि पाय जसजसा लांब होतो तसे धागे उभे होत जातात, ५४.७ च्या जवळ आले की लांबणं आपोआप थांबतं. वेगळा अडथळा लावायची गरजच नाही.

उद्या वर्गात सांगताना ती जाळीची नळी घेऊन जाणार आहे.

दाबमापक

मी चिंचोळीला एमआयडीसीत असतो. आमच्याकडे पत्रे उचलायला व्हॅक्यूम कप आहेत, म्हणून चकतीबद्दल लिहितो. मुळात टोकदार पायवाले सोडा, पण खडकावरचे तारे चकतीने ओढून धरतात हे मला पटतं. पाण्याखाली बाहेरचा दाब हवेपेक्षा जास्तच, म्हणजे कप आणखी घट्ट बसणार.

भुईकोट

मलाही आठवड्यापूर्वीपर्यंत हेच पटत होतं. शंभरेक वर्षं पुस्तकांत हेच आहे. पण पुस्तकातली चकती आहे, काम मात्र कपाचं नाही. ती डिंकाने धरते.

पाय उचलून तारा पुढं गेला की काचेवर प्रत्येक पायाचा गोल ठसा मागं राहतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, रंग टाकला की उमटतो. निर्वात कप ठसा ठेवत नाही, गोंद ठेवतो. दुसरं, बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१२ साली गुळगुळीत पृष्ठभाग आणि बारीक भोकं पाडलेला पृष्ठभाग अशी तुलना मांडली. भोकाच्या जागी निर्वात टिकणारच नाही. तरी पाय धरतातच. तुमच्या कपाचं काय होईल?

दाबमापक

छिद्रांचा पत्रा आला की आमचा कप जागेवर सोडतो. हवा शिरते. त्या पत्र्यांना आम्ही चुंबक लावतो.

पटलं. मग पुढचा प्रश्न: गोंद लावला तर सोडवतो कसा? पावलागणिक लावायचा आणि पावलागणिक काढायचा? आम्ही एकदा चिकटवलेलं काढायला सॉल्व्हंट ओततो.

भुईकोट

त्याच्याकडेही सॉल्व्हंट आहे, अगदी त्याच चकतीत. चकतीच्या त्वचेत चिकट पदार्थ सोडणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आणि शेजारीच सोडवणारा पदार्थ टाकणाऱ्या वेगळ्या पेशी. पाय टेकला की पहिल्या कामाला लागतात, निघायची वेळ आली की दुसऱ्या. गोंद दगडावरच राहतो आणि पाय स्वच्छ सुटतो. ठसा म्हणजे तो मागं टाकलेला गोंद. त्यातलं एक मोठं प्रथिन २०१४ साली ओळखलं गेलं.

ओल्या, खारट, शेवाळलेल्या दगडावर क्षणात धरणारा आणि क्षणात सुटणारा गोंद. माणसाला अजून असा जमलेला नाही. रक्ताने ओल्या जखमेवर धरेल असा गोंद हवा म्हणून बरेच लोक याच्या मागे आहेत.

जोर किती ते शिंपल्याला विचारा. खडकावरचा तारा शिंपल्यावर बसतो, दोन्ही झाकणांना पाय चिकटवतो आणि ओढत राहतो. शिंपल्याचा स्नायूही काही सोपा नाही. पण तारा काही पाय थकले की दुसरे लावू शकतो. कागद सरकेल एवढी फट पडली की पुरे. स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून फटीतून आत सोडतो आणि शिंपल्याला त्याच्याच घरात पचवतो. आमच्या बादलीतल्याला हे जमत नाही. त्याला धरणारे पाय नाहीत, म्हणून तो छोटे शंख-शिंपले अख्खे गिळतो. त्याला गुदद्वारही नसतं. कवचं तोंडानेच बाहेर टाकतो. पायाचं टोक बदललं आणि जेवणाची रीतच बदलली.

परीक्षार्थी_पालक

माफ करा, चर्चा छान चालली आहे. पण मुलगी यंदा नीटला बसतेय. डिंक लिहायचं का चकती? गुण जायला नकोत.

भुईकोट

ताई, परीक्षेत पुस्तकात आहे तेच. जलसंवहनी संस्थेची, म्हणजे या पाण्याच्या नळ्यांच्या जाळ्याची, कामं विचारतात: प्रचलन, अन्न पकडणं आणि वाहून नेणं, श्वसन. ही बरोबरच आहेत, निर्धास्त राहा. चकतीवर प्रश्न आला तर चकती. डिंकाचं तिला जेवताना सांगा, ते तिच्या लक्षात राहील.

काळीमाती

सर, अजून एक. हे प्राणी आपल्या हिप्परग्याच्या तलावात का नाहीत? उजनी एवढं मोठं, तिथंही नाहीत. मासे दोन्हीकडं आहेत, खेकडे आहेत, शिंपले आहेत. तारामासाच का नाही?

भुईकोट

तुमची द्राक्षबाग आहे ना? घड पिकत आले आणि पाऊस पडला तर काय होतं?

काळीमाती

मणी तडकतात. आत साखर जास्त, बाहेर नुसतं पाणी, पाणी आत शिरतं. दोन वर्षांमागं अर्धा प्लॉट असाच गेला. काढणीला चार दिवस राहिले होते.

भुईकोट

वाईट वाटलं दादा.

उत्तर तेच आहे. तारामासा, समुद्री साळिंदर, समुद्री काकडी असे सगळे कंटकचर्मी, आज जिवंत असलेल्या सुमारे ७००० जाती, आणि त्यातली एकही गोड्या पाण्यात नाही. त्यांच्या अंगातल्या पाण्यातलं मीठ बाहेरच्या समुद्राइतकंच असतं. बाहेर गोडं पाणी आलं तर आत पाणी शिरत राहणार आणि ते उपसून टाकायला मूत्रपिंडासारखा अवयव त्यांच्याकडे नाही. मासे आणि खेकड्यांकडे तशी सोय आहे, म्हणून ते नदीत शिरले. त्यातून ज्याचे पायच बाहेरच्या पाण्यावर चालतात, त्याने समुद्र सोडायचा कसा?

खाजण

नमस्कार सर. माहेर गणपतीपुळ्याजवळ, लग्न होऊन सोलापुरात आले त्याला चौदा वर्षं झाली, जुळे सोलापूरला असतो. तारामासा हा शब्द दिसला आणि सगळा धागा एका बैठकीत वाचला.

आम्ही लहानपणी पुळणीवर पांढऱ्या चपट्या चकत्या गोळा करायचो. वरती पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं. आमची आजी म्हणायची, समुद्राने देवाला वाहिलेलं फूल, पायाखाली घेऊ नका. नंतर कळलं की त्याला सँड डॉलर म्हणतात आणि तो साळिंदराचाच भाऊबंद. माझ्याकडे इथं कपाटात दोन आहेत, आणि साळिंदराचं एक गोल कवचही. काटे झडलेलं, बटाट्याच्या आकाराचं. त्यांनाही पाय असतात का?

भुईकोट

असतात ताई, आणि तुमच्या आजीने जपायला सांगितलेलं ते फूल पायांचंच आहे.

सँड डॉलरच्या पाठीवरच्या पाकळ्या म्हणजे बारीक भोकांच्या ओळी. जिवंतपणी त्या भोकांतून पातळ, पानासारखे पाय बाहेर येतात आणि ते चालत नाहीत, श्वास घेतात. कल्ले म्हणा ना. चालणं आणि वाळूत शिरणं अंगावरच्या बारीक काट्यांनी होतं.

साळिंदराच्या कवचावर वरपासून खालपर्यंत भोकांचे पाच पट्टे दिसतील. त्यातून निघणारे पाय काट्यांपेक्षाही लांब होतात. टोकाला चकती आणि गोंद. लाटेत खडकाला धरून राहायला तेच, वाहत आलेला शेवाळाचा तुकडा पकडायलाही तेच. काही जाती त्यांनी शंखशिंपल्यांचे तुकडे डोक्यावर धरून बसतात. काहींच्या पायांत उजेड ओळखणाऱ्या पेशीही सापडल्या आहेत. डोळा नाही, पण पायांना उजेड कळतो.

बाकीचं घराणं थोडक्यात: ठिसूळ तारा नागासारखे हात वळवून चालतो, त्याच्या पायांना चकती नाही आणि वर फुगाही नाही, ते अन्न तोंडाकडे सरकवतात. समुद्री काकडीच्या तोंडाभोवतीचा झुपका म्हणजे वाढलेले नलिकापादच. (तिला हात लावू नका. २००१ पासून सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.) पिसाऱ्यासारखा दिसणारा फेदर स्टार हात पसरून बसतो आणि त्याचे पाय वाहत्या पाण्यातले कण चिकट स्रावात टिपतात.

धोटा

जकार्डवर चादर विणताना प्रत्येक ताण्याचा दोरा वेगळा उचलता येतो. पण कुठला कधी उचलायचा हे पंचकार्ड सांगतं. कार्ड फाटलं की नक्षी बिघडली. तारामाशाच्या शेकडो पायांना कोण सांगतं? मेंदू कुठं असतो त्याचा?

भुईकोट

मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि प्रत्येक हातात एक दोर. त्यातून सगळ्यांना फक्त दिशा कळते: इकडं जायचंय. पाऊल कधी उचलायचं हे पाय आपलं आपण ठरवतो. गोम चालताना पायांची लाट जाते तशी लाट इथं दिसत नाही. शेजारचे दोन पाय वेगळ्या तालात पडत असतात, पण ओढ एकाच दिशेची. पाचातला कुठलाही हात पुढारी होऊ शकतो. तोंडाभोवतीचं कडं कापलं की हात आपापल्या दिशांना ओढू लागतात, हे १८८१ सालच्या प्रयोगांपासून माहीत आहे.

तेव्हा काका, कार्ड नाही, नुसता ताणा आहे.

साखरपेठ_ते_सिएटल

इतक्या लांबून लिहितोय, पण राहवलं नाही. आमच्या या किनाऱ्यावर सूर्यफूल तारा नावाचा राक्षसी तारामासा असायचा. वीस-चोवीस हात, सुमारे १५००० नलिकापाद, मिनिटाला एक मीटर पळणारा. २०१३ मध्ये रोग आला. हात पिळवटायचे, पायांची पकड सुटायची, खडकावरून खाली पडायचे आणि काही दिवसांत लगदा. नव्वद टक्क्यांहून जास्त गेले. २०२५ मध्ये कारण सापडलं, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू. मी २०१६ ला इथं आलो. ओहोटीला खडकांवर जांभळे तारे दिसतात, सूर्यफूल तारा एकदाही दिसलेला नाही. बायकोच्या मामांकडे त्याचे जुने फोटो आहेत, ते बघत बसतो.

सर, त्या मुलीला सांगा, बादलीत डोकावल्याबद्दल शाबास बे.

भुईकोट

सांगितलं. आज वर्गात जाळीची नळीही दाखवली, नळाला जोडून. मुलीने वहीत टोकदार पाय काढून आणलाय, दोन कप्प्यांच्या फुग्यासकट, शेजारी चकतीवाला. दोन्हींच्या खाली तिने "वाळू" आणि "खडक" एवढंच लिहिलंय.

खाजण

सर, काल रात्री लाईट गेली होती. मुलगा मोबाईलची बॅटरी लावून अभ्यास करत होता. तुमचं भोकांचं आठवलं, म्हणून कपाटातून साळिंदराचं कवच काढलं आणि त्या उजेडावर पालथं ठेवलं.

छताला ठिपके पडले. पाच पट्टे, वरच्या टोकाशी एकत्र आलेले. मुलगा म्हणाला, आई, भोकं जोडीजोडीने आहेत. भिंगातून बघितलं तर खरंच, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. एका पायाला दोन भोकं का?

भुईकोट

एकातून पाणी पायात जातं, दुसऱ्यातून परत आत येतं. पायाच्या पातळ भिंतीतून तेवढ्यात प्राणवायू घेऊन. दोन भोकं म्हणजे एक पाय. मुलाला एका पट्ट्यातल्या जोड्या मोजायला सांगा आणि पाचने गुणा. मग ते किती पायांचं होतं ते इथं लिहा.

खाजण

मोजतोय. दोनदा चुकलाय, आता दाभणाचं टोक टेकवत मोजतोय. तिसऱ्या पट्टीवर आहे, म्हणतो पाचही मोजणार, गुणणार नाही.